पाचवा खिळा

२ मे १९८९, धरणगाव
शाळेला सुट्टी लागली, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले. अमळनेरहून एसटीत उभ्यानं. भाऊनं दाढी ठेवलीय! "संन्यास घेतोस की काय?" म्हटलं, तर नुसता हसला. वहिनी चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

३ मे
भाऊचं फर्मान: तू ड्रॉइंग टीचर, आखाजीआधी बैठकीतली तैलचित्रं पुसून दे. पणजोबा, आजोबा, मोठे काका, बाबा. चौघेही दाढीवाले. लहानपणी त्यांच्याकडे पाहायची भीती वाटायची. आज कापसाचा ओला बोळा घेऊन जवळ गेले आणि वेडीच झाले. पणजोबांची दाढी पांढरी नाहीच, निळसर राखाडी आहे, वर फक्त चार-दोन केस पांढऱ्याचे. आजोबांच्या चित्रकारानं तर केस काढलेच नाहीत, ओल्या रंगात ब्रशच्या दांड्यानं ओरखडे ओढलेत. आमची पोरं दाढी म्हणजे काळं डबडं काढतात.
बाबांची दाढी गालाला टोचायची. तेवढंच आठवतं त्यांचं.

५ मे
आजोबांच्या चित्रात चूक सापडली. उजेड डावीकडून, म्हणजे उजवीकडे हनुवटीखाली सावली हवी. तिथं उजेड पडलाय, दाढी तिथंच फुगल्यासारखी. चित्रकाराला पकडलं म्हणून खूश झाले. मग काकांच्या चित्रात तेच. पणजोबांच्या. बाबांच्याही.
चार काळ, चार चित्रकार. एखादा चुकेल, चौघे एकाच जागी कसे चुकतील? त्यांनी दिसलं तसं काढलंय.
रात्री जेवताना भाऊकडे पाहत होते. मान एका बाजूला कलती करून घास गिळतो.

६ मे
अक्काला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, विचारलं. पापड वाळत घालता घालता म्हणाली, "गाठ उनी का देवीले नवस बोलतस. वस्तरा लावतस नही. मंग चित्र काढतस."
"आणि मग?"
"मंग काय. बठ्ठा असाच गयात." सगळेच असे गेले, गळ्याला गाठ येऊन.
"आम्हाला कधी सांगितलं नाहीस!"
"हाई काम लेकीस्नं नही शे."
इतका राग आला की पापडांची परात लाथाडावीशी वाटली.
बाबांच्या शेजारी भिंतीत नवा खिळा आहे. कॅलेंडरचा समजत होते.

८ मे, आखाजी
पितरांची घागर भरली. चौघांना नैवेद्य. बाहेर मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. पुरणपोळी भाऊच्या घशाखाली उतरेना, नुसता आमरस प्यायला. नंतर म्हणाला, "माझंही काढून दे. घरात चित्रकार असताना बाहेरचा कशाला?"
मी म्हटलं, "खालचं हाड कळल्याशिवाय दाढी काढता येत नाही. हात लावू दे."
डोळे मिटून लावू दिला. लिंबाएवढी. कडक. हलत नाही.
हात धुतले तरी बोटांना ती लागतेच आहे. माझा भाऊ. मला तो हवाय, भिंतीवर नकोय.

१० मे
भांडून जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, दाढी काढून या, तुकडा घेऊन तपासू. उशीर झालाय का, ते आधी सांगता येणार नाही.
परतताना बसमध्ये भाऊ: "वस्तरा लावला अन् देवी पोरांवर कोपली तर?"
"चौघांनी लावला नाही, त्यांना काय दिलं तिनं?"
बोलून गेले खरी. घरी येईपर्यंत मनात देवीची माफी मागत होते. मी कसली शहाणी.

१२ मे
ठरलं होतं: चित्र काढीन, पण दाढीशिवाय. काल भाऊ समोर बसला. कपाळ झालं, डोळे झाले. डोळे बाबांचेच. नाकाखाली कॅनव्हास कोरा.
सकाळी वहिनीनं स्वतः न्हाव्याला बोलावणं धाडलं. तो ओट्यावर पेटी उघडून बसलाय. अक्का उंबऱ्यात. मधून वाट नाही. भाऊ अंघोळ करून देवघरात गेला, "आलोच" म्हणाला. जळगावची गाडी चुकणार बहुतेक.
अक्काला म्हटलं, "ऊठ ना."
"त्याले येऊ दे. मंग उठसू."
न्हावी म्हणतो, पाणी थंड झालं. वहिनीनं पुन्हा तापायला ठेवलंय. देवघराचं दार अजून बंद.