उमाअक्काचं नाव घेणार नाही

उमाअक्का,

काकांची दीपाली सुभाष रोडवरच्या, तू जायचीस त्याच क्लासला निघाली, म्हणून मी ऑर्कुटवर लिहिलं की तिथले सर मुलींच्या अंगाला हात लावतात. त्यांनी माझ्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरलाय. उद्या धारवाडच्या कोर्टात तारीख आहे. सकाळपासून नुसत्या येरझारा घालतेय.

अप्पा म्हणतात, "माफी माग आणि मोकळी हो."

वकील म्हणाले, "हे तुला जिनं सांगितलं, तिला साक्षीला आण."

मी तुला हे पत्र लिहायला बसले. तुझी पत्रं आधी भावजी फोडून वाचतात, म्हणून हेही टाकणार नाही.

तू रडत रडत सांगितलेलं मी खोटं ठरवणार नाही. माफी मागणार नाही आणि तुझं नावही घेणार नाही. तरी उद्या कोर्टात माझं लक्ष दाराकडेच असेल.

तुझीच,
रेवती