माझ्या गच्चीवरचा स्थिर बिंदू

२ जानेवारी
यंदा चीफ इंजिनिअर व्हायचंच. मोठ्या पुलाचं मॉनिटरिंग माझ्याकडे आलंय. पुलाच्या मध्यावर दोन यंत्रं. एक सॅटेलाइटवरून उंची सांगणारा रिसीव्हर, दुसरा थरथर मोजणारा सेन्सर. उंची ताडून बघायला आणखी एक रिसीव्हर लागतो, न हलणाऱ्या जागी. ऑफिसने टेकडीवरचा खडक सुचवला. तिथे कोण चढणार? आमच्या गच्चीवर बसवला. माझ्या घराइतकं स्थिर या शहरात काही नाही.

१९ फेब्रुवारी
पूल वर येतोय. किंचित, पण नेमाने. वय झालं की पूल वाकतात. हा माझ्या हाताखाली आल्यावर ताठ झाला. साहेबांना कळवलं, जरा सौम्य शब्दांत.

४ मार्च
सासूबाईंच्या खोलीचं दार लागत नाही. यांना म्हटलं, रंधा मारा. म्हणाले, मारून मारून आता दार कमी आणि भुसा जास्त झालाय. भिंतीला तडा आहे, कुणाला तरी दाखवू. घरात इंजिनिअर असताना? तडा बुजवला. वर कॅलेंडर टांगलं.

२२ मार्च
नवी इंजिनिअर म्हणते, मॅडम, पूल खरंच उचलला गेला असता तर त्याची थरथर बदलली असती. ती जशीच्या तशी आहे. पूल जागेवर आहे, तुमची गच्ची खाली चाललीय. म्हटलं, बाई, दुसऱ्याच्या घराकडे बघण्याआधी स्वतःचं एखादं होतंय का बघ. डोळे भरले तिचे. भरू देत. स्टोअरला बदली केली. थरथरीचा सेन्सरही बंद केला. नसती भांडणं लावतो.

९ एप्रिल
सासूबाई म्हणतात, सूनबाई, झोपेत पायथ्याकडे घसरते गं मी. वय झालं, दुसरं काय. हे म्हणाले, आईला थोडे दिवस ताईकडे नेतो. म्हटलं, उद्या साहेब गच्ची बघायला येणार, घर भरलेलं दिसलं पाहिजे. कुणी हलायचं नाही.

२० एप्रिल, हॉस्पिटल
साहेब गच्चीवर असतानाच सासूबाईंची खोली खचली. पलंगासकट. खुब्याचं हाड मोडलं. साहेब शिडीने उतरले. रिसीव्हर खडकावर नेला. पूल तसूभरही हललेला नाही. मॉनिटरिंग आता त्या पोरीकडे.

घराला सील.

आज सासूबाईंना डिस्चार्ज. ताईकडे दोघांपुरतीच जागा आहे, हे म्हणाले. गडबडीत माझी आठवण राहिली असेल. बॅग घेऊन गेटपाशी बसलेय. यांची टॅक्सी आत्ताच समोरून गेली. पुढे यू-टर्न आहे.