दोरी टेकली का?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. बारक्यास,
ताईचे आशीर्वाद.

हात काळे करून पोट भरणारी आपण दोघं. यंत्र चाललं तर नाव साहेबांचं, अडलं तर दोष कामगाराचा, हे तू आणि मी सारखंच सोसलं आहे. म्हणून आधी तुलाच लिहिते.

आईचा गुडघा बरा आहे. नव्या नोकरीत वेळेवर जेवतोस का, हे तिने तीनदा विचारायला सांगितलं. तीनदा लिहिलं असं समज. वर्कशॉपवर नवे पत्रे बसले. तुझा निळा डगला अजून खुंटीवरच आहे. जाताना विसरलास की घ्यायला आत यायचं नव्हतं, कोण जाणे.

परवा ड्रायव्हरकाका भेटले. उजव्या हाताची दोन बोटं आता अर्धीच आहेत. डाव्या हाताने कप उचलत म्हणाले, "हातमोजे मला आता कमी किमतीत द्यायला हवेत, काय गं?" मला हसता आलं नाही.

सोमवारी त्यांची चौकशी आहे. गवत कापायच्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवून त्यांनी खाली हात घातला, असा ठपका आहे. तो टिकला तर काकांची नोकरी गेली. तो टिकवणारा साक्षीदार एकच. तुझा जबाब मी वाचला: "इंजिन चालू होतं, मी पाहिलं. पट्टा ठीक होता. पुल्या ताईने स्वतः दोरी लावून तपासल्या होत्या."

दोरी लावायला तुला मीच शिकवलं. इंजिनाच्या पुलीपासून, मधल्या ताण देणाऱ्या छोट्या पुलीवरून, पात्याच्या पुलीपर्यंत दोरी ताणून धरायची. प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना टेकली, तर पुल्या एका रेषेत. एक कड जरी सुटली तरी पट्टा उडणार, मग ताण कितीही दे. आधी रेष, मग ताण. हे तू झोपेतही म्हणून दाखवायचास.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी मला युनियनच्या सभेला जायचं होतं. विषय होता कामगारांची सुरक्षितता. दारातूनच विचारलं, "दोरी टेकली का रे?" आणि तू म्हणालास, "टेकली, ताई. तू जा, लोक खोळंबलेत." मी न बघता तपासणीच्या तक्त्यावर सही केली. सभेत तासभर बोलले. टाळ्याही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी उतारावर पट्टा उडाला.

अपघातानंतर मी यंत्राखाली शिरले. ताण देणाऱ्या छोट्या पुलीचा दांडा वाकून पुली तिरकी झाली होती आणि त्यावर हातोडीचे ताजे घाव होते. तेव्हाच कळलं: झाडाच्या बुंध्यावर ट्रॅक्टर तू घातलास, दांडा तू ठोकलास, आणि तरी पट्टा राहीना म्हणून स्प्रिंग ओढून शेवटच्या भोकात अडकवलीस. काकांनी इंजिन बंद करूनच पट्टा बसवायला हात घातला. स्प्रिंग निसटली आणि दांडा बोटांवर आला. इंजिन चालू असतं तर मनगट राहिलं नसतं, हे तुलाही कळतं.

हे सगळं कळूनही मी तीन आठवडे गप्प राहिले. भाऊ म्हणून, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तक्त्यावरची सही माझी होती.

तू घाबरलास, ते मी समजू शकते. पण ज्या माणसाने तुला ट्रॅक्टर चालवायला शिकवलं, डब्यातला अर्धा घास तुझ्यापुढे सरकवला, त्याच्यावर तू खोटं लिहिलंस. आणि ते खरं वाटावं म्हणून माझं नाव पुढे केलंस. ताईने तपासलं म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारणार नाही, हे तू नेमकं ओळखलंस. वीस वर्षं मी ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला, त्यांच्यातल्याच एकाला पाडायला तू माझा शब्द वापरलास. मालकाने हे केलं असतं तर मी उभी राहून भांडले असते. तुझ्यापुढे मला उभं राहताही येईना.

ट्रॅक्टर कुलपात आहे. एक बोल्ट हलवलेला नाही. न बघता सही केली, हे मी सोमवारी सांगणारच आहे. त्याने काका सुटणार नाहीत. इंजिनाबद्दल तूच लिहिलंस, ते तूच खोडायला हवं.

सोमवारी सकाळी दहाला वर्कशॉपमध्ये ये. सगळ्यांसमोर त्या पुल्यांवर दोरी धर, आणि ती टेकत नाही, हे तुझ्या तोंडाने सांग.

या वेळी बघून सही करणारी,
तुझी ताई