आईचे मिटलेले ओठ

हिंगणघाट, १४ नोव्हेंबर १९७८, संध्याकाळ

माझी मलाच किळस येते आहे.

आईचं आता एकदोन दिवसांचंच आहे, हे ऐकून वडनेरहून मामा आले. तिचे सख्खे भाऊ. सोबत गंगाजलाची लोटी आणि रुमालात तुळशीची पानं. आईनं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून या माणसानं आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. आज मात्र तिच्या उशाशी बसून म्हणाले, "आता तरी आपल्यात ये, बाई. तोंड उघड."

आईनं ओठ घट्ट मिटले. सकाळपासून पाणी पाणी करत होती, तरी मिटले.

मामा माझ्याकडे वळले. "उगाच काऊन उभा राह्यला रे? सांग तिले."

आणि मी, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा मी, म्हणालो, "घे ना आई. पानीच तं आहे."

का म्हणालो? मामांशी वाईटपणा नको म्हणून? एवढ्यासाठीच?

तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओठ उघडले नाहीत. गंगाजल हनुवटीवरून उशीत मुरलं, तुळशीचं पान गालाला चिकटून राहिलं. मामा तणतणत निघून गेले.

ते पान मी पुसून काढलं आणि आमच्या माठातलं पाणी चमच्यात घेऊन तिच्याजवळ बसलो. ओठ तसेच मिटलेले. बऱ्याच वेळानं जरासे हलले.

"कोणतं पानी व्हय हे?"

मला विचारलं तिनं. पोटच्या पोराला.