आत्याची ताटली

बूढापारा, रायपूर

प्रिय आत्या,

तुला जाऊन महिना झाला नाही, तोच तुझी ताटली बैठकीतल्या काचेच्या कपाटात जाऊन बसली. हे तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही, म्हणून लिहिते आहे.

दादाच्या मुलानं, आशिषनं, जुन्या वस्तूंचा एक जाणकार घरी आणला होता. पडवीतल्या तुझ्या कोनाड्यातून त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली! म्हणाला, ही चीनमध्ये घडवलेली, युरोपातल्या कुण्या सरदार घराण्यासाठी. त्यांनी कुळाच्या चिन्हाचं चित्र जहाजानं पाठवलं, ते बघून तिकडच्या चिताऱ्यानं रंगवलं. मधला तो सिंह आहे गं! चिताऱ्यानं सिंह कधी पाहिला नसावा. तू त्याला कुत्रा समजून मोती म्हणायचीस, पहिला घास त्याच्या तोंडाशी ठेवायचीस.

आजोबांनी ती देश सोडून जाणाऱ्या साहेबाच्या सामानातून आणली होती. आजीनं स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं, चिनी माती होत नाही, असं तिचं शास्त्र. मग तुला टीबी झाला आणि ताटली तुझी झाली.

तू बरी झालीस. डॉक्टरांनी तसं सांगितलंही. तरी जन्मभर त्याच ताटलीत, पडवीत, एकटी! एकदा तरी का भांडली नाहीस? मी विचारलं तर हसलीस, "राणीच्या ताटात दुसरं कोणी जेवते काय, पोट्टे?" मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

लहानपणी मी तिला हात लावला तर आई ओरडली होती, "हात नको लावू तिले, आत्याची आहे ते!" काल मी कपाट उघडलं तर आशिष धावत आला, "बुआ, हाथ मत लगाओ, टूट जाएगी!" पाहुण्यांना तो कौतुकानं सांगतो, राजघराण्याची आहे म्हणून. आपल्या घरात तिच्यात कोण जेवायचं, ते सांगत नाही. दादा शेजारी बसून मान डोलावतो.

आत्या, तुझ्या वर्षश्राद्धाला तुझं पान मी आजीच्या पितळी ताटात वाढीन, सगळ्यांच्या पंक्तीत. आणि कपाटातली ताटली काढून तिच्यात मी जेवीन, सगळ्यांच्या देखत. पहिला घास मोतीला.

तुझी पोट्टी,
माधुरी