सुलभा, तुझा सिंथेसायझर मी उघडला

प्रिय सुलभा,

उद्या सकाळी वैशाली तुझा सिंथेसायझर न्यायला येणार आहे. तो घराबाहेर जायच्या आत तुला सांगायला हवं, की मी तो उघडला. हो, तुझं न ऐकता!

तुम्हा बायकांच्या ऑर्केस्ट्राचा सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. वैशाली गेल्या आठवड्यात घरी आली आणि म्हणाली, "भाऊजी, सुलभाचा आवाज पायजे. नवीन कीबोर्डात तो येत नाय हो." ती 'सिंथेसायझरचा आवाज' म्हणाली नाही. मग मला नाही म्हणवेना.

पण त्याची ती खरखर! तू वाजवत असलीस की वाटायचं, मागे कुणीतरी भजी तळतंय. आतल्या जुन्या आयसी चिप आणि सुकलेले कपॅसिटर बदलतो, असं मी कितीदा म्हटलं असेल? तू म्हणायचीस, "आवाजच बदलला तर? तुम्हाला जे उघडायचं ते तुर्भ्याच्या कारखान्यात उघडा." आयुष्यभर मशिनी दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यावर एवढा अविश्वास, बाई?

तुझी भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. त्यातली आवाज साठवायची प्रत्येक जागा तू स्वतः बनवलेल्या आवाजांनी भरलेली. मशीन बंद असताना ते सगळे आतल्या एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकतात. ती गेली की सगळं पुसलं जातं. मी झाकण काढलं, तर ती बॅटरी फुगलेली, कडेला पांढरी बुरशी आलेली. तू गेल्यापासून वर्षभर मी हा डबा जपत होतो, आणि तू आतून निघून चालली होतीस!

आपली मंजिरी शेजारी उभी होती. "बाबा, आधी चहा घ्या. मग हात लावा." मी घेतला. (माझं कधी ऐकलं असतंत का, असं म्हणू नकोस.) मग नवी बॅटरी बाजूने जोडली आणि त्यानंतरच जुनी सोडवली. मशीन चालू केलं. तुझे आवाज सगळे जागेवर! मंजिरीने मला मिठी मारली. पुढचे दोन दिवस आयसी आणि कपॅसिटर बदलण्यात गेले.

पुन्हा चालू केलं तेव्हा इतकी शांतता होती, की वाटलं स्पीकरची वायरच निघालीय. मंजिरीने एक पट्टी दाबली. तुझा तो व्हायोलिनसारखा आवाज आला, आणि त्याच्या तळाशी, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा एक बारीक सूर. तो कधी घातलास गं? इतकी वर्षं मी पहिल्या रांगेत बसून खरखरीच्या नावाने बोटं मोडली, आणि हा तिच्या खाली होता. तुला तरी ऐकू यायचा का? मी फार वेळ ती एकच पट्टी दाबून बसलो होतो.

आज वैशालीने वाजवून बघितलं. डोळे पुसले. मग चाचरत म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. माझा एक आवाज ठेवायचाय यात. पण जागाच नाय. सुलभाचा एक पुसावा लागेल."

मी उठून गॅलरीत गेलो. राग आला, खोटं कशाला सांगू? पण तूच हे वाद्य जुनं विकत घेतलंस, तेव्हा आधीच्या मालकाचे आवाज त्यात होते ना? त्यांचं तू काय केलंस?

मी आत आलो. मंजिरीला शाळेसाठी उठवायला तू ट्रकचा भोंगा बनवला होतास, तो एकदा वाजवला. मंजिरी हसता हसता रडली. मग मी वैशालीला म्हटलं, "हा घे." तिने बटण दाबलं. भोंगा पुसला गेला. आणि लगेच तिचा नवा सूर घरभर पसरला. चांगला होता, सुलभा. तुला आवडला असता.

तेव्हा आता शब्द देतो. ज्याला वाजवायचंय त्याला मी हा देईन. नवे आवाज येतील, तुझे एकेक करून कमी होतील. मी अडवणार नाही. पण बिघडला तर दुरुस्त मीच करणार. ते मात्र दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.

तुझाच,
दिनकर