रिपोर्टमधली शेवटची ओळ

प्रिय वहिनी,

तू माहेरी गेल्यापासून दादाचे कामाचे कपडे मीच धुते. कितीही घासले तरी बादलीतलं पाणी करडंच राहतं.

त्याच्या तपासणीचा रिपोर्ट मी दवाखान्यातून आणला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "वाचा वन्सं, पडू दे एकदाचा तुमच्या पदवीचा उजेड!" दादाही हसला होता. तो इंग्रजी कागद वाचता येणारी घरात मी एकटीच. मी वाचलं, "थोडा अशक्तपणा आहे, बाकी ठीक."

शेवटची ओळ मी गिळली. रक्तात शिसं फार वाढलंय, त्यामुळे शुक्राणू घटलेत, हे काम थांबवलं तर सुधारणा होऊ शकेल, असं तिथे लिहिलं होतं. काम म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं. माझ्या कॉलेजची फी त्यातूनच भरली गेली. दादाच्या तोंडावर ते वाचायला माझी जीभ रेटेना.

मग आई तुला वांझ म्हणाली. तेव्हाही मी गप्प बसले. हा शब्द फक्त बाईलाच का चिकटतो, यावर भाषण करून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं.

आता घरात माझी थट्टा करणारं कुणी नाही. दादा तुझ्या जागेकडे पाठ करून जेवतो.

हे पत्र आज पाठवत नाही. आधी दादाने ऐकायला हवं. तो मोरीत हात धुतो आहे. बाहेर आला की रिपोर्ट पहिल्यापासून वाचेन, शेवटच्या ओळीसकट.

अजून उजेड न पाडलेली,
तुझी वन्सं